नाशिकच्या कारखान्यात नवीन लागलात? कामावर ख्रिस्ती विश्वास सचोटीने कसा जगायचा

श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, संगमनेरकडून, तसंच सुरगाणा-पेठ भागातून दरवर्षी आपली मुलंमुली नाशिकला कामाला येतात. कुणी सातपूरला लागतं, कुणी अंबडला, कुणी सिन्नरला नाहीतर गोंद्याला. आयटीआय नाहीतर डिप्लोमा झालेला असतो. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या समाजात, लहानाचे मोठे झालेले असतात, गीतं तोंडपाठ असतात. पण कारखान्याच्या गेटच्या आत गेल्यावर कसं वागायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. न मोजता रिपोर्ट भरायला सांगितला तर? खंडेनवमीला मशीनची पूजा करायची वेळ आली तर? उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) नेमकी पहिली शिफ्ट लागली तर? रविवारच्या संदेशात हे प्रश्न फारसे येत नाहीत.

मी अंबडला क्वालिटी विभागात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो आणि आज त्याच भागातल्या एका कारखान्यात शॉप, म्हणजे मशीनवर काम चालतं तो विभाग, सांभाळतो. नव्या मुलांना जे तोंडी सांगत आलो ते इथे क्रमाने लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: कामावर आपला विश्वास तोंडाच्या आधी सहीत दिसतो. तुम्ही कुठल्या चर्चला जाता हे लोकांना उशिरा कळतं. तुम्ही कशाखाली सही करता आणि कशाखाली करत नाही, हे पहिल्या महिन्यातच कळतं.

१. रुजू होण्याआधी कागद नीट करा

जवळ ठेवायचे कागद:

- नेमणूक पत्र. साप्ताहिक सुट्टी, शिफ्ट आणि नोटीस पीरियड ह्या तीन ओळी नीट वाचा.
- कंपनीचे नियम, विशेषतः भेटवस्तू आणि तक्रारींबद्दलचे.
- वर्षाच्या सुट्ट्यांची यादी.
- मूळ प्रमाणपत्रं आणि त्यांच्या दोन-दोन प्रती.
- पीएफचा यूएएन नंबर, ईएसआयचं कार्ड.
- एक साधी वही. तारीख, काय सांगितलं गेलं, कुणी सांगितलं आणि तुम्ही काय उत्तर दिलं, एवढंच त्यात लिहायचं.

इथला पहिला सापळा म्हणजे अनुभवाचा खोटा दाखला. 'सगळेच देतात' म्हणत एखादा ओळखीचा वर्कशॉपवाला दोन वर्षांचा अनुभव लिहून द्यायला तयार होतो. नको. फ्रेशर म्हणून कमी पगारावर लागा. खोट्या कागदावर मिळालेल्या नोकरीत पुढे कुणाला खरं वागायला सांगायचं तोंड उरत नाही.

धर्माचा रकाना आणि जातीचा दाखला ह्यांबद्दल स्पष्टच बोलतो, कारण आपल्यात ह्यावर कुजबूजच जास्त होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, कारण बाप्तिस्मा घेतला म्हणून गावातली वागणूक बदलत नाही. त्याविरुद्धचा लढा चालायलाच हवा. पण मंडळीच्या रजिस्टरात एक आणि सरकारी फॉर्मवर दुसरं, असं करून लागलेल्या माणसाला नोकरीभर त्या कागदाची भीती वाटत राहते. ज्यांनी पोटासाठी तसं केलं त्यांना मी बोल लावणार नाही. तुम्ही मात्र नव्याने सुरुवात करताय, तर फॉर्म भरण्याआधी जाणकार वकिलाला दाखवा आणि खरं तेच लिहा.

अनुसूचित जमातीचं वेगळं आहे. तिथे धर्माची अट नाही. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या कोकणा, वारली, महादेव कोळी घरांतल्या ख्रिस्ती मुलांनी हे लक्षात ठेवावं. दाखला टिकवायला धर्म लपवायची गरज नाही.

२. सुरुवातीचे महिने फक्त काम शिका

वेळेवर या. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला मशीनची खरी हालत सांगून जा. हेल्पर आणि सफाईवाल्या मावशींशी तसंच बोला, जसं मॅनेजरशी बोलता. दानीएलाच्या सहाव्या अध्यायात त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली आणि त्यांना ती सापडली नाही, म्हणून ते त्याच्या प्रार्थनेकडे वळले. हा क्रम लक्षात घ्या. काम ढिलं असलेल्या माणसाच्या तत्त्वांना शॉपमध्ये कुणी किंमत देत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

३. सहीची किंमत ओळखा

हा भाग सावकाश वाचा.

समजा इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये दहा पीसचे दहा रकाने आहेत. बोअरचा, म्हणजे पीसमधल्या गोल भोकाचा, व्यास २५.०० ते २५.०२ मिलिमीटरमध्ये यायला हवा. शिफ्ट संपायला वीस मिनिटं आहेत, गाडी डिस्पॅचला लागली आहे आणि तुमचे पाचच पीस मोजून झाले आहेत. उरलेल्या रकान्यांत २५.०१, २५.०१, २५.०१ अशी ओळ टाकायची आणि खाली सही करायची, हे तुम्हाला कुणीतरी शिकवेल. शिकवणारा वाईट असतो असं नाही, त्यालाही कुणीतरी असंच शिकवलेलं असतं. जाणत्या माणसाला असा रिपोर्ट लांबून ओळखू येतो. खऱ्या मापांत थोडी वरखाली असतेच. एक २५.००६ येतं, एक २५.०१४, एखादं अगदी काठावर. सगळी मापं एकसारखी आली की गेज, म्हणजे मोजायचं साधन, हातातच घेतला नव्हता हे कळतं.

अशा वेळी करायचं ते असं:

- जेवढे पीस मोजले तेवढेच लिहा. उरलेले रकाने कोरे ठेवून 'पाच पीस तपासले' अशी नोंद करा.
- सही करण्याआधी सुपरवायझरला सांगा, नंतर नाही. 'सर, पाच राहिलेत. दहा मिनिटं थांबून मोजतो, नाहीतर पाचचाच रिपोर्ट जाऊ द्या.' नकारासोबत नेहमी एक पर्याय द्या.
- गेजवरच्या कॅलिब्रेशनच्या (गेज बरोबर मोजतो का ह्याच्या तपासणीच्या) स्टिकरची तारीख पाहा. मुदत संपली असेल तर मापं घेण्याआधी बोला.
- उद्या हीच वेळ येऊ नये म्हणून पहिल्या तासापासून पीस मोजत चला. बहुतेक खोट्या नोंदी शेवटच्या अर्ध्या तासात होतात.

रिपोर्टखेरीज इतर सह्याही तेवढ्याच महत्त्वाच्या आहेत. मित्राचं कार्ड पंच करणं, न घेतलेल्या ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सही, न उघडलेल्या मशीनच्या मेंटेनन्स चेकलिस्टवर टिक, रिक्षाचं फुगवलेलं बिल, डॉक्टरचं विकत घेतलेलं सर्टिफिकेट. ह्यांतल्या मेंटेनन्सच्या टिकला मी सगळ्यांत जास्त घाबरतो. पॉवर प्रेसचं सेफ्टी गार्ड तपासलं अशी टिक असते, गार्ड चालत नसतं, आणि पुढच्या शिफ्टचा मुलगा त्या टिकवर विश्वासून हात आत घालतो.

शरणपूर रोडवरून तुम्ही रोज जात-येत असाल. तिथे १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे राहिली, लिहायला-वाचायला आणि हाताचं काम करायला शिकली. नाशिकला शिकलेला असाच एक तरुण, जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात त्यांच्याबरोबर होता. १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. तेव्हा सोबतच्या माणसांनी त्यांच्या पेट्या सगळ्यांच्या देखत उघडल्या आणि आतल्या वस्तूंची यादी जेकबकडून लिहून घेतली. तपासायला कुणी साहेब तिथे नव्हता. पुढे कित्येक महिने पायपीट करून त्यांनी तो देह आणि ते सामान समुद्रापर्यंत पोचवलं. आपल्या गावाशी नातं असलेली ही नोंद मला फार मोलाची वाटते, आणि क्वालिटीत लागलेल्या प्रत्येक मुलाला मी ती सांगतो.

४. रविवार, उत्तम शुक्रवार आणि नाताळ

आठवड्याची सुट्टी हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. ती रविवारीच मिळेल असं मात्र नाही. कंपनीची सुट्टी दुसऱ्या वारी असेल तर आधी उपासनेच्या वेळांची चौकशी करा. नाशिकमध्ये कुठे सकाळी लवकर उपासना किंवा मिस्सा असते, कुठे संध्याकाळी. पहिल्या शिफ्टवाल्याला संध्याकाळची आणि दुसऱ्या शिफ्टवाल्याला सकाळची जमते.

उत्तम शुक्रवार आणि नाताळ ह्या दोन्ही सुट्ट्या राज्य सरकारच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत असतात, पण खासगी कंपनीला ती यादी जशीच्या तशी लागू होत नाही. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना आणि कार्यालयांना महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा लागू आहे. त्यानुसार वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ह्या चार ठरलेल्या असतात. उरलेल्या चार मालक आणि कामगार मिळून ठरवतात. ही यादी बनते तेव्हा गप्प बसू नका. कारखान्यात युनियन असेल तर प्रतिनिधीला वेळेत भेटा.

उत्तम शुक्रवारची खरी अडचण वेगळीच आहे. तो बऱ्याचदा आर्थिक वर्ष संपतानाच्या गर्दीत येतो. २०२७ मध्ये तो २६ मार्चला आहे, म्हणजे डिस्पॅचची धांदल ऐन भरात असताना. आदल्या दिवशी रजा मागाल तर मिळणार नाही, आणि सुपरवायझरला दोष देता येणार नाही. फेब्रुवारीतच लेखी अर्ज द्या. बदल्यात काय देणार तेही त्यात लिहा: 'दुपारच्या तीन तासांच्या उपासनेला जायचं आहे, त्या दिवशी तिसऱ्या शिफ्टला येतो.' आणि दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, आपणहून ड्युटी घ्या. ज्याला तुमच्यामुळे लेकरांबरोबर दिवे लावता आले, तो नाताळच्या सकाळी तुमची मशीन न सांगता धरतो.

५. खंडेनवमी, सत्यनारायण, प्रसाद आणि वर्गणी

नव्या मुलांची सगळ्यांत जास्त घालमेल इथे होते. दोन टोकं टाळा. एक म्हणजे त्या दिवशी आजारपणाची खोटी रजा. आरती चुकवण्यासाठी खोटं बोलणं ही कसली साक्ष? दुसरं म्हणजे ऐन पूजेच्या वेळी सगळ्यांसमोर नकार देऊन वातावरण बिघडवणं.

मी करतो ते सांगतो. आठवडाभर आधी सुपरवायझरला एकटं गाठून बोलतो: 'सर, मशीन मी धुऊन-पुसून चकाचक करून देतो, पूजेला हजरही राहतो. आरती तेवढी दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ द्या, मी ख्रिस्ती आहे.' मग खरोखर सगळ्यांत स्वच्छ मशीन आपली असायला हवी. कूलंटची टाकी उपसलेली, चिप ट्रे रिकामा, स्लाइड पुसून तेल दिलेलं. झेंडूच्या माळा लागतात, नारळ फुटतो, आरती होते. मी मागे शांत उभा राहतो, मोबाइल बाहेर काढत नाही. टिळा लावायला कुणी आलं तर हात जोडून नको म्हणतो. कुणाचा अपमान झाल्याचं मी पाहिलेलं नाही, कारण कुणाला ते अचानक कळलेलं नसतं.

मंडळीतले काही जण म्हणतात की तिथे उभंही राहू नये. त्यांचा विवेक तसं सांगत असेल तर त्यांनी उभं राहू नये. मला स्वतःला अरामी सेनापती नामानाचा दाखला आधार देतो. देवावर विश्वास ठेवल्यावर त्याने अलीशा संदेष्ट्याला विचारलं, की धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याचं काय? अलीशाने त्याला शांतीने जा म्हटलं (२ राजे ५). मी ह्यातून पूजा करायची मोकळीक घेत नाही. चाकरीतल्या माणसाची अडचण देवाला कळते, एवढं मात्र घेतो.

प्रसादाचं म्हणाल तर नाशिकच्या मंडळ्यांत एकमत नाही. वणीच्या गडावरून कुणी सहकारी पायी जाऊन आला की सगळ्यांसाठी प्रसाद आणतो, तुम्हालाही प्रेमाने देतो. करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय आपल्या पाळकांबरोबर वाचा आणि घरीच निर्णय घ्या. खाणार असाल तर आभार मानून खा. नसाल तर तिथेच नम्रपणे सांगा, 'दादा, मी घेत नाही, पण तुम्ही आठवणीने आणलंत, बरं वाटलं.' हातात घ्यायचा आणि मागे जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, हे कधीही करू नका. कुणाच्या तरी ते दृष्टीस पडतंच, आणि ती जखम भरत नाही.

वर्गणीत मी मूर्तीसाठी देत नाही. मंडळाच्या रक्तदान शिबिराला किंवा अन्नदानाला देतो, आणि देताना तसं सांगतो. तुमचा निर्णय वेगळा असू शकेल. रक्कम मात्र इतरांपेक्षा कमी नको, नाहीतर देवाच्या नावाखाली पैसे वाचवले असं दिसतं.

नाताळचा फराळ सगळ्या शॉपला न्या. करंज्या-चकल्यांचा डबा सिक्युरिटी केबिनपर्यंत पोचला पाहिजे.

६. कट, चहापाणी आणि दिवाळीची पाकिटं

खरेदी, स्टोअर किंवा क्वालिटीत असाल तर सप्लायरकडून काही ना काही येणारच. मिठाईचा डबा आला तर विभागात सगळ्यांसमोर उघडा आणि वाटून टाका. पाकीट, चांदीचं नाणं, व्हाउचर आलं तर त्याच दिवशी परत करा आणि साहेबांना कळवा. सप्लायरला समजावून सांगा की ह्यामुळे त्याचा माल अडवला जाणार नाही. त्याला खरी भीती तीच असते.

सरकारी नोकरीत असाल, किंवा कंपनीच्या कामासाठी सरकारी कार्यालयात जावं लागत असेल, तर कायदाही माहीत असू द्या. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार केलेल्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कुणाला धाकदपटशा दाखवू नका, पगारात समाधानी राहा, असं सांगतो.

७. वरून दबाव आला तर

1. ऐकण्यात काही चूक झाली नाही ना, हे आधी विचारा. 'म्हणजे सर, न मोजता सही करू का?' असं सरळ विचारलं की बरेच जण स्वतःच मागे येतात.
2. काम अडणार नाही असा मार्ग सुचवा.
3. तरी आग्रह असेल तर 'मला मेल करा' म्हणा. आवाज चढवू नका.
4. त्याच दिवशी वहीत नोंद करा.
5. सुरक्षेचा प्रश्न असेल तर वाट न पाहता सेफ्टी ऑफिसर किंवा प्लँट हेडकडे जा.

ह्याची किंमत मोजावी लागू शकते. एखादी बढती जाते, ओव्हरटाइम दुसऱ्याला मिळतो, कंत्राटावर असाल तर कंत्राट वाढत नाही. विश्वासाने वागलं की सगळं छान होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही, ते खरं नाही. म्हणून पहिल्या पगारापासून तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकायला लागा. गाडीचा हप्ता आणि नव्या मोबाइलचा हप्ता एकदम डोक्यावर असलेल्या पोराला नाही म्हणणं फार जड जातं.

८. विश्वासाबद्दल बोलताना

कुणी विचारलं तर लाजू नका, लपवू नका. पण शिफ्टच्या वेळेत संदेश देऊ नका, तो वेळ कंपनीने विकत घेतलेला आहे. विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वचनं टाकू नका. दुसऱ्याच्या देवाबद्दल, वारीबद्दल, सिंहस्थाबद्दल हलकं बोलणं झालं तर त्यात सामील होऊ नका. २०२७ च्या सिंहस्थात नाशिककरांवर कामाचा ताण येणार आहे. हॉस्पिटलात, पालिकेत, एसटीत असलेल्या आपल्या लोकांनी त्या ड्युट्या मनापासून कराव्यात, दमून आलेल्या यात्रेकरूला पाणी देताना तो कुठे निघालाय हे बघायचं नसतं.

सहकाऱ्याच्या घरी आजारपण असेल तर आधी डबा न्या, रक्त लागलं तर द्या. प्रार्थना करू का हे नंतर विचारा, आणि तो नको म्हणाला तर मनात करा.

९. हाताखाली माणसं आली की

नियम कडक होतात. आपल्या हुद्द्याचा उपयोग करून कुणाला चर्चला बोलावू नका. हाताखालच्या माणसाला तुम्हाला नाही म्हणणं अवघड असतं, आणि असा होकार खरा नसतो. भरतीत मंडळीतल्या पोराला माप झुकवू नका. अर्ज जरूर द्यायला सांगा, निवड दुसऱ्याला करू द्या.

कंत्राटी कामगारांचा पगार वेळेत होतो का, पीएफ खरोखर भरला जातो का, ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो का, हे विचारत राहा. याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक प्रभूच्या कानी पोचते. ठेकेदाराच्या बिलावर तुमची सही असेल तर तो अध्याय तुमच्यासाठी आहे.

१०. एकटे राहू नका

शरणपूरचं सेंट अँड्र्यूज असो, त्र्यंबक नाक्याजवळचं होली क्रॉस असो, नाशिक रोडचं बाळ येशूचं मंदिर असो किंवा तुमच्या भाड्याच्या खोलीजवळची एखादी छोटी मंडळी, एका ठिकाणी नाव घाला आणि टिका. तिथे नोटप्रेसमधून, ओझरच्या एचएएलमधून, एमआयडीसीतून निवृत्त झालेली माणसं भेटतात. शिफ्ट, युनियन, साहेब, दबाव हे सगळं त्यांनी पाहिलेलं आहे. अशा एका काकांना किंवा मावशींना महिन्यातून एकदा भेटायची विनंती करा. उपासनेनंतर लगेच नको, तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई असते. फोन करून आठवड्यातली एखादी संध्याकाळ मागा, आणि तुमच्या शिफ्टचं वेळापत्रक आधीच पाठवून ठेवा.